शब्दचर्चा : थांबला, थांबवला की निवांत? अनेक कोअरच्या डीबगरसाठी मराठी शब्द हवेत

केगावकर
नमस्कार मंडळी. सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आम्ही काही मुलं-मुली क्यू-एमूसाठी डीबगरची (प्रोग्राम मध्येच थांबवून आतल्या चुका शोधायच्या साधनाची) मराठी खिडकी बनवतोय. गटातल्या निम्म्या जणांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड चालते, पण एकमेकांशी आम्ही मराठीतच बोलतो. म्हणून बटणांवर कोशातले नाही, तोंडातले शब्द हवे आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्यू-एमू हा एम्युलेटर. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक निव्वळ सॉफ्टवेअरने उभा करतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी तो २००३ मध्ये आणला. सुरू करतानाच सांगून ठेवलं तर आतलं मशीन पहिल्या आज्ञेवरच थबकतं आणि १२३४ नंबरच्या पोर्टवर जीडीबी नावाच्या डीबगरची वाट बघत बसतं. जीडीबी जोडला की आतला प्रत्येक कोअर (प्रोसेसरचा स्वतंत्रपणे आज्ञा चालवणारा भाग) त्याला एकेक थ्रेड, म्हणजे कामाचा एकेक वेगळा ओघ, म्हणून दिसतो.

अडचण इथूनच सुरू होते. चार कोअरचं मशीन आहे. एका कोअरला ब्रेकपॉइंट (आपण मुद्दाम ठरवून ठेवलेली थांबायची जागा) लागला आणि सगळं मशीन थांबलं. आता थ्रेडची यादी मागितली, तर पहिल्या ओळीत सीपीयू शून्य, म्हणजे कोअर ०, याच्यापुढे कंसात ‘रनिंग’ आणि बाकी तिघांपुढे ‘हॉल्टेड’. मशीन थांबलंय हे आपल्याला दिसतंय आणि यादी म्हणते ‘रनिंग’! वर्गात नवीन शिकणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. हे आम्हाला तसंच्या तसं ‘चालू’ आणि ‘बंद’ असं उतरवायचं नाही. रनिंग, स्टॉप्ड, हॉल्टेड, ब्रेकपॉइंट, वॉचपॉइंट (मेमरीतल्या एखाद्या जागेवर ठेवलेली नजर) आणि स्टेप (एकच आज्ञा पुढे नेणं) यांना काय म्हणावं?

अक्कलकोट_रोड
मी यंत्रमागवाला माणूस, संगणकातलं फार कळत नाही. पण ‘माग बंद आहे’ असं कुणी सांगितलं तर आमच्या शेडमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘बंद पडला, बंद केला, का खोळंबलाय?’ बाण्याचं सूत तुटलं की माग आपोआप थांबतो, तो बंद पडला. शेजारच्या मागावर काम काढलंय म्हणून मेन स्विच ओढला, तर बाकीचे बंद केले. कांड्या भरून आल्या नाहीत किंवा बीम यायचाय, तर माग धडधाकट असूनही खोळंबला. लांबून तिन्ही सारखेच दिसतात. कामगाराने जाऊन करायचं काम मात्र तिन्ही वेळेला वेगळं. तुमच्या यादीत नुसतं ‘बंद’ लिहिलं तर आमच्या पोराला काही उपयोग नाही बघा.

केगावकर
मालक, नेमकं हेच! ब्रेकपॉइंट लागलेला कोअर एकच असतो. बाकीच्यांना डीबगर त्याच्यापायी रोखून धरतो. गंमत म्हणजे कोण आधी थांबला ही माहिती हरवलेली नसते. क्यू-एमू जीडीबीला थांबल्याचा निरोप पाठवतो त्यात सिग्नल क्रमांक ५ असतो आणि त्यालाच जोडून कुठल्या थ्रेडमुळे थांबलो तेही असतं. वॉचपॉइंट असेल तर मेमरीचा पत्ता पण येतो. म्हणजे प्रत्येक कोअरपुढे कारण लिहिणं शक्य आहे. फक्त शब्द पाहिजे.

विजापूर_नाका
मी शाळेत मराठी शिकवते. शब्द नवा शोधायची गरजच नाही, क्रियापद दोन रूपांत तयार आहे: थांबणे आणि थांबवणे. ज्याला स्वतःचा ब्रेकपॉइंट लागला तो थांबला. ज्याला दुसऱ्यामुळे रोखलं तो थांबवला. एका ‘व’ने काम होतं, आणि हा फरक पाचवीतल्या मुलालाही समजावून सांगावा लागत नाही. कारण सोबत लिहायचं तर ‘कोअर २ मुळे थांबवला’ असं सरळ वाक्य होतं.

‘बंद पडला’ मात्र नको. त्यात बिघाडाचा वास आहे. ब्रेकपॉइंट आपण मुद्दाम ठेवलेला असतो, तिथे काही बिघडलेलं नसतं.

खोळंबला, रखडला, अडकला यांतला फरकही पाळा. ज्याची वाट बघतोय ते कधीतरी येणार आहे, तोवर खोळंबा. काम पुढे सरकतंय पण फार हळू, तर रखडलं. स्वतःच्या बळावर सुटका नाही, तर अडकला. दोन कोअर एकमेकांना हवं असलेलं कुलूप (लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टीवरचा ताबा) धरून बसले तर ते ‘एकमेकांत अडकले’. त्याला खोळंबा म्हणू नये.

हॉटेलातला_वायफाय
ताईंचं थांबला/थांबवला एकदम मान्य. पण ‘हॉल्टेड’ला खोळंबला म्हणण्याआधी आत काय चालतं ते बघू या.

क्यू-एमूच्या यादीतला ‘हॉल्टेड’ डीबगरबद्दल काहीच सांगत नाही. करण्यासारखं काम नाही म्हणून कोअरने स्वतःच इंटरप्टची (हार्डवेअरकडून येणाऱ्या ‘इकडे लक्ष दे’ अशा इशाऱ्याची) वाट बघायची आज्ञा चालवलेली असते. एआरएम घराण्यातल्या प्रोसेसरवर ती डब्ल्यूएफआय, इंटेल घराण्यात एचएलटी. असा कोअर कशासाठी अडलेला नसतो, त्याला काम नसतं इतकंच. इंटरप्ट आला की लागतो कामाला. खोळंब्यात नुकसान आहे, चरफड आहे. इथे तसं काही नाही. माझ्या मते याला निवांत म्हणावं. आपण बोलताना म्हणतोच की, ‘आज निवांत आहे’.

खरा खोळंबलेला कोअर म्हणजे स्पिनलॉकवर फिरत बसलेला. कुलूप सुटलं का, सुटलं का, असं तो त्याच दोन-चार आज्ञांत विचारत राहतो. पण एम्युलेटरच्या नजरेला तो धडधडीत चालू दिसतो, आज्ञा चालवतोय ना! त्यामुळे ‘खोळंबला’ हा शब्द कितीही गोड असला तरी खिडकीने तो आपणहून लिहू नये, कारण तिला ते कळतच नाही. ते ओळखणं डीबग करणाऱ्याचं काम.

आता रनिंगचा घोळ. यादीतला ‘रनिंग’ म्हणजे ‘निवांत नाही’, एवढाच. मशीन डीबगरने थांबवलेलं असलं तरी तो शब्द बदलत नाही. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कोअर स्वतः कुठल्या अवस्थेत होता, आणि डीबगरने त्याचं काय केलं. एकाच रकान्यात दोन्ही कोंबायच्या म्हटल्या तर कुठलीही भाषा कमी पडेल. रकाने दोन करा. ‘अवस्था’ मध्ये कामात किंवा निवांत. ‘डीबगर’ मध्ये चालू, थांबला किंवा थांबवला. म्हणजे ‘कोअर ३ – निवांत – कोअर १ मुळे थांबवला’ अशी ओळ येईल आणि तिचा एकच अर्थ निघेल.

केगावकर
‘चालू’ऐवजी पहिल्या रकान्यात ‘कामात’ घेतलंत ते बरं झालं, दोन रकान्यांत एकच शब्द येत नाही. हे आजच करतो.

पद्मशाली_पोरगा
ब्रेकपॉइंटला ‘थांबा’ म्हणू या की. एसटीचा असतो तोच. ‘थांबा टाका’, ‘थांबा काढा’, ‘सगळे थांबे’. अट घातलेल्या ब्रेकपॉइंटला ‘विनंती थांबा’!

विजापूर_नाका
थांबा उत्तम, पण नुसता ‘थांबा’ बटणावर लिहू नका. वाचणारा त्याला आज्ञा समजेल: थांबा! बटणावर क्रियापद पूर्ण असू द्या, ‘थांबा टाका’ आणि ‘सगळे थांबवा’. विनंती थांब्यावर कुणीतरी विनंती करतं तेव्हा गाडी थांबते. इथे विनंती करणारा कुणी नाही, किंमत जुळली की थांबायचं. तेव्हा ‘अटीचा थांबा’. वॉचपॉइंटला ‘पहारा’ म्हणा. मेमरीच्या पत्त्यावर पहारा बसवायचा, कुणी तिथे लिहिलं की पकडायचं.

पद्मशाली_पोरगा
पहारा लई भारी. आणि थ्रेडला धागा?

हॉटेलातला_वायफाय
इथे तरी नको. जीडीबीने कोअरला थ्रेड म्हटलं ते त्याच्या सोयीसाठी. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वतःचे थ्रेड आणखी वेगळे असतात, एकाच कोअरवर आलटून पालटून येतात. आपल्या खिडकीत कोअरला कोअरच म्हणावं. आणि ‘पहिला कोअर’ असं कुठेही लिहू नये. क्यू-एमू शून्यापासून मोजतो आणि जीडीबी एकपासून, म्हणजे सीपीयू शून्य हा जीडीबीचा थ्रेड एक. ‘पहिला’ म्हटल्यावर कुणी ० समजेल, कुणी १. कायम ‘कोअर ०’, ‘कोअर १’.

केगावकर
स्टेप राहिलं. आम्ही ‘एक पाऊल’ लिहिलंय.

हॉटेलातला_वायफाय
पाऊल छान आहे, पण कुणाचं पाऊल? एका कोअरच्या मशीनमध्ये हा प्रश्न नव्हता. चार असताना मी कोअर २ ला एक आज्ञा पुढे नेली, तेवढ्यात बाकीचे तिघं चालले की जागच्या जागी राहिले? जीडीबीत शेड्युलर-लॉकिंग नावाची सेटिंग याचसाठी आहे. ती चालू केली की फक्त निवडलेला कोअर हलतो. सोयीचं वाटतं, पण तो कोअर स्पिनलॉकवर असेल आणि कुलूप कोअर ० कडे असेल, तर तुम्ही पाऊल टाकत राहा, कुलूप कधीच सुटणार नाही. ज्याने सोडायचं त्यालाच आपण गोठवलंय. शिकणाऱ्याला वाटतं प्रोग्राममध्ये बग आहे.

म्हणून बटणं दोन: ‘फक्त हा कोअर, एक पाऊल’ आणि ‘हा कोअर एक पाऊल, बाकीचे चालू’. लांब आहेत, असू देत. इथे अक्षरं वाचवून कुणाचं भलं होणार नाही.

तिसरं ‘सगळे एक पाऊल’ असं बटण मात्र ठेवू नका. क्यू-एमूच्या २०१७ मधल्या २.९ आवृत्तीपासून आतला प्रत्येक कोअर बाहेरच्या संगणकाच्या वेगळ्या थ्रेडवर चालू शकतो. त्यांच्यात अमक्यानंतर तमका असा ठरलेला क्रमच नसतो, मग ‘सगळे एक पाऊल’चा अर्थ काय घ्यायचा? दोन्ही कोअरचा वेग वेगळा असेल तर आणखी पंचाईत. निन्टेंडो डीएसमध्ये दोन एआरएम प्रोसेसर आहेत, एक साधारण ६७ मेगाहर्ट्झचा, दुसरा त्याच्या निम्म्या वेगाचा. दोघांना एकेक आज्ञा पुढे नेली तर घड्याळं तिथल्या तिथे विस्कटतात. तिथे पाऊल मोजायचं ते वेळेत, आज्ञांत नाही.

अजून एक लक्षात ठेवा. पाऊल टाकताना क्यू-एमू मुळातच इंटरप्ट आणि टायमर अडवून ठेवतो, नाहीतर प्रत्येक पावलाला माणूस इंटरप्टच्या कोडमध्ये जाऊन पडेल. चांगलं आहे, पण बग इंटरप्टमध्येच असेल तर पाऊल टाकत गेल्यावर तो दिसणारच नाही. ही सेटिंग बदलता येते. बटणाशेजारी ‘इंटरप्ट अडवलेले’ अशी ठळक पाटी दिसू द्या.

अक्कलकोट_रोड
एक विचारू का? जो अजून चालूच केलेला नाही तो कुठल्या रकान्यात?

हॉटेलातला_वायफाय
बरोबर विचारलंत. एआरएमच्या मशीनमध्ये सुरुवातीला बहुतेक वेळा कोअर ० एकटाच जागा असतो. बाकीच्यांना ऑपरेटिंग सिस्टिम नंतर एकेक करून वीज चालू केल्यासारखं उठवते. तोवर क्यू-एमू त्यांनाही ‘हॉल्टेड’च म्हणतो, म्हणजे निवांत कोअरसारखंच. शिकणारा मग त्यांच्यावर थांबा टाकून बसतो आणि तो लागत का नाही म्हणून तास घालवतो.

विजापूर_नाका
त्याला निवांत म्हणणं चूक ठरेल, निवांत माणूस आलेला तरी असतो. ‘अवस्था’ रकान्यात ‘अजून सुरू नाही’ असं लिहा. ‘बंद’ लिहिलं तर आधी चालू होता असं वाटेल.

केगावकर
घेतलं. अवस्थेत तीन झाले: कामात, निवांत, अजून सुरू नाही. उद्या कोअर १ ते ३ सुरू व्हायच्या आधीच थांबा टाकून यादी नीट दिसते का बघतो आणि इथे टाकतो.