क्यूबेसवरून रीपरवर: टेम्पो बदलला की अख्खा अभंग ताणला जायलाय

पखवाज_परभणी

क्यूबेस सोडून रीपर ७ घेतलंय (दोन्ही रेकॉर्डिंग-मिक्सिंगची सॉफ्टवेअर), विंडोज १०. काम सगळं भजनी मंडळाचं: गायक, टाळकरी, वीणा, हार्मोनियम, पखवाजाला दोन माइक (एक शाईला, एक कणकेच्या तोंडाला). क्लिक (मेट्रोनोमची टकटक) कुणालाच नको, लय शेवटाकडं चढत जाते. अडलंय ते असं:

१) क्यूबेसात अर्धा मिक्स केलेला ८ मिनिटांचा अभंग आहे, १४ ट्रॅक. रीपर ती फाइल उघडतच नाही.
२) बीपीएम (टेम्पो, मिनिटाला किती मात्रा) १२० चा ९० केला तर सगळं रेकॉर्डिंग लांबलं. सूर तोच, पण टाळ पत्र्यावानी वाजायलेत.
३) आवाज आणि पखवाज एकदम पुढं आले, बाजूचे टाळ मागं गेले. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) तेच ठेवलेत.
४) एका ट्रॅकवर काप मारला की सगळ्या ट्रॅकवर बसतो.

मांजराकाठ

आधी दुसरा प्रश्न, कारण त्यात नुकसान होतं.

रीपरात नव्या प्रोजेक्टचा टाइमबेस मूळचा ‘बीट्स (पोझिशन, लेंग्थ, रेट)’ असतो. म्हणजे ऑडिओ मात्रांना बांधलेला. टेम्पो हलला की आयटमची (ट्रॅकवरच्या आवाजाच्या तुकड्याची) जागा, लांबी आणि वेग तिन्ही हलतात. १२० चे ९० केले की वेग ०.७५ होतो आणि ८ मिनिटांचा अभंग १० मिनिटं ४० सेकंदांचा. सूर सांभाळायला रीपर आवाज ताणतं, आणि ताणलेल्यात पहिला मार टाळांना बसतो, कारण त्यांचा ठोका टोकदार आणि वरच्या पट्टीत गच्च भरलेला. क्यूबेसात म्युझिकल मोड बंद असला की हे ताणणं होत नाही, म्हणून तिकडं कधी जाणवत नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. पैले टेम्पो परत १२० करा. आयटमवर एफ-२ दाबून प्लेबॅक रेट १.० आला का बघा. मग ऑल्ट-एंटरनं प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडून टाइमबेस ‘टाइम’ करा. उलटं केलं, म्हणजे ९० वर असतानाच ‘टाइम’ केलं, तर ०.७५ तसाच चिकटून बसतो आणि मग टेम्पो कितीही फिरवा, काही हलत नाही. त्याच खिडकीत डिफॉल्ट म्हणून साठवायचं बटण आहे, ते दाबून टाका. नसता पुढच्या प्रोजेक्टात पुन्हा हेच.

तिसरा प्रश्न पॅन लॉचा, म्हणजे मधोमध ठेवलेला आवाज किती खाली करायचा त्या नियमाचा. क्यूबेसात नेहमीचं सेटिंग ‘इक्वल पॉवर’, त्यात मधोमध असलेला मोनो ट्रॅक ३ डेसिबल खाली येतो. रीपरात मूळचं ० डेसिबल, म्हणजे मधला खाली येतच नाही. तुमचा गायक आणि पखवाज मधी, टाळ डावी-उजवीकडं. म्हणून मधले ३ डेसिबलनं वर आल्यासारखे वाटतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमधी ॲडव्हान्स्डमधी जाऊन पॅन लॉ −३ करा. शेजारी गेन कॉम्पेन्सेशनची खूण असते, ती काढा. ती असली की मधला खाली यायच्या ऐवजी बाजूचे वर जातात. फेडरना हात लावायच्या आधी हे करायचं.

आता १४ ट्रॅक. क्यूबेसची प्रोजेक्ट फाइल रीपर वाचत नाही. स्टेम (प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल) काढायचे. डावा लोकेटर (कुठून कुठवर काढायचं त्याची खूण) पार सुरुवातीला, उजवा अभंग संपून चार-पाच सेकंद पुढं. एक्स्पोर्टमधी सगळे चॅनल एकदम निवडायचे, इफेक्ट ‘ड्राय’ (म्हणजे इफेक्टविना), वेव्ह, २४ बिट, सॅम्पल रेट प्रोजेक्टचा जो आहे तोच. मोनो ट्रॅक मोनोच काढा. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला एक मोनो मिनिट साधारण ८.६ एमबी, तुमचा अभंग १४ ट्रॅकचा १ जीबीच्या आसपास. दोन तोंडांचे दोन्ही पखवाज ट्रॅक एकाच वेळी काढा, वेगळ्या खेपेला लोकेटर जरा सरकला तरी फेज (दोन्ही लहरींचा मेळ) बिघडून पखवाज पोकळ वाजतो.

क्यूबेसच्या चॅनलमधला इक्वलायझर, कॉम्प्रेसर रीपरात येणार नाही. जिथं त्यांचा आवाज सोडवत नाही, तेवढ्या ट्रॅकचा इफेक्टसकट दुसरा स्टेम काढून ठेवा.

रीपरात आणायच्या आधी कोरं प्रोजेक्ट सेव्ह करा, वेगळं फोल्डर करायची आणि मीडिया त्यात कॉपी करायची खूण देऊन. मग कर्सर शून्यावर नेऊन सगळ्या फाइली एकदम ओढा; वेगवेगळ्या ट्रॅकवर टाकायच्या का असं विचारतं, हो म्हणा.

तुणतुणं

माऊलीनं स्टेमचं बरोबर सांगितलं, पण अर्धा झालेला मिक्स हलवूच नका असं माझं मत. तो क्यूबेसातच संपवा, नवा अभंग रीपरात सुरू करा. दोन्ही एका कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदानं नांदतात.

चौथा प्रश्न: ‘एस’ (कापायचं बटण) दाबताना एकही आयटम निवडलेला नसला तर रीपर कर्सरखालचे सगळे कापतं. आधी आयटमवर क्लिक, मग ‘एस’.

असेच दोन अजून. आयटमचं उजवं टोक ओढलं की क्यूबेसावानी संपत नाही, आवाज पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागतो. वरच्या कडेला बारीक खाच दिसली की समजायचं तिथून आवर्तन उलटलं. एफ-२ मधली ‘लूप सोर्स’ची खूण काढली की थांबतं. कायमचं बंद करायला प्रेफरन्सेसमधी मीडिया आयटम डिफॉल्ट्स. आणि रिपल एडिटिंग ऑल्ट-पीनं चालू होतं. चुकून लागलं तर एक आयटम सरकवला की मागचे सगळे फरफटत जातात. तंबोरा जागेवरून हलला म्हणून शोधत बसण्याआधी ते बटण बघा.

क्यूबेसचे शॉर्टकट रीपरात बसवता येतात, पण बसवू नका. पुढं कुणी काही सांगितलं तर ते मूळच्या बटणांवरच सांगणार.

पखवाज_परभणी

दोघांचेही आभार. टाइमबेस आणि पॅन लॉ जमलं, टाळ जागेवर आले. ‘एस’चं पण कळलं.

आता नवीन. हार्मोनियम नंतर वाजवून घेतली तर पखवाजाच्या किंचित मागं पडते, प्रत्येक वेळी तेवढीच. ४८ किलोहर्ट्झ, बफर २५६ सॅम्पल. आणि लय चढत असताना ग्रिड (मात्रांच्या रेघा) कशी बसवायची?

मांजराकाठ

प्रत्येक वेळी तेवढीच मागं, म्हणजे वादकाचा दोष नाही. ड्रायव्हर रीपरला जो विलंब कळवतो तो कमी कळवायलाय. प्रेफरन्सेसमधी इंटरफेसवाल्या (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) कंपनीचा स्वतःचा आसिओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर निवडलाय ना, ते पैले बघा. सगळ्यांना चालणारे फुकटचे आसिओ ड्रायव्हर हाच आकडा चुकवतात.

मग मोजा. इंटरफेसच्या एका लाइन आउटमधून केबल लाइन इनमधी घाला. फँटम (माइकला जाणारी वीज) बंद, डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसमधूनच थेट ऐकणं) बंद, रेकॉर्डच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंगही बंद, नसता शिट्टी घुमेल. एका ट्रॅकवर टोकदार क्लिक ठेवा, त्या आउटला पाठवा, दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. झूम करून दोन ठोक्यांतलं अंतर सॅम्पलमधी मोजा. ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद. समजा १९० सॅम्पल मागं आलं, म्हणजे ४ मिलिसेकंदाला जरा कमी. प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंगमधी आउटपुट मॅन्युअल ऑफसेटला १९० लिहा आणि पुन्हा तपासा. शून्य किंवा एखाद-दुसरा सॅम्पल यायला पाहिजे. बफर बदलला तर परत एकदा मोजून घ्या. आधी वाजवलेली हार्मोनियम आपोआप सरकणार नाही, ती हातानं तेवढीच डावीकडं ओढा.

वादक स्वतःला रीपरातून ऐकत असेल तर रेकॉर्डिंगपुरतं मास्टरवरचा लिमिटर आणि लिनिअर फेज इक्वलायझर काढून ठेवा, ते विलंब वाढवतात. इंटरफेसचा डायरेक्ट मॉनिटर वापरत असाल तर रीपरचं मॉनिटरिंग बंद; दोन्ही चालू असले की पेटी दुहेरी ऐकू येते.

ग्रिड: टाइमबेस ‘टाइम’ असल्याशिवाय हात लावू नका. भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणून टाइम सिग्नेचर ८/४ ठेवा, म्हणजे एक आवर्तन बरोबर एक मेजर. पखवाजाच्या ट्रॅकवर टॅब दाबत समेच्या थापेवर या, तिथून पुढच्या समेपर्यंत टाइम सिलेक्शन करा. प्रश्नचिन्हाचं बटण दाबून ॲक्शन लिस्टमधी ‘मेजर’ शोधा, ‘क्रिएट मेजर फ्रॉम टाइम सिलेक्शन (डिटेक्ट टेम्पो)’ चालवा. आकडा पडताळायला: आवर्तन ६ सेकंदांचं असेल तर ८० यायला पाहिजे, ३.२ सेकंदांचं असेल तर १५०. निम्मा किंवा दुप्पट आला तर हातानं दुरुस्त करा. रूपक घ्यायचा झाला तर ७/४ ठेवून मेट्रोनोम ३-२-२ वर लावता येतो, पण रूपकाची सम ‘खाली’वर (टाळी नसलेल्या मात्रेवर) असते, तेव्हा पहिला टोला जोराचा ठेवायचा का ते वादकाला विचारा.

तुणतुणं

आणि अख्ख्या अभंगाला ग्रिड बसवायची गरज नाही. तंबोऱ्याला ती लागत नाही, रिव्हर्बला लागत नाही. मात्रेवर बसणारा डिले किंवा मिडी (कॉम्प्युटरनं वाजणारी) ढोलकी जिथं घालायलाय तेवढीच आवर्तनं मोजा.