तिकिटावर गुलाबी, पोस्टकार्डावर शुभ्र, फोटोत तांबूस: एकाच फुलाची मांडणी कशी करावी?

पाणवठा (प्रश्न):

नमस्कार. आजोबांनी जमवलेली टपाल तिकिटे आणि चित्रपोस्टकार्डे काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. त्यांत वनस्पती आणि बागा यांचा वाटा मोठा असल्यामुळे घरच्या अल्बममधील फोटोंची जोड देऊन एक छोटा संग्रह मांडावा, असे मी ठरवले. मात्र पहिल्याच पानावर अडकले आहे.

परातीसारखी कड वर वळलेली, पाण्यावर पसरणारी अवाढव्य पाने असलेले एक कमळ सर्वांनी चित्रात तरी पाहिलेले असेल. माझ्याकडील तिकिटावर त्याचे फूल गुलाबी असून नाव ‘व्हिक्टोरिया अमेझोनिका’ असे आहे. जुन्या रंगीत पोस्टकार्डावर फूल शुभ्र आहे आणि खाली ‘व्हिक्टोरिया रेजिया’ असे छापले आहे. आईने १९७०च्या दशकात एका वनस्पतिउद्यानात काढलेल्या फोटोत तर फूल पिवळट आणि पाने चक्क तपकिरी दिसतात. ही तीन वेगळी झाडे समजावीत की एकच? आणखी एका कार्डावर त्या पानावर लहान मूल बसलेले आहे. ते खरे असेल का? शेवटचा प्रश्न मांडणीचा: तिकिटे, कार्डे आणि फोटो वेगवेगळे ठेवावेत की एका झाडाचे सारे एकत्र?

देठ:

आधी एक बारीक दुरुस्ती सुचवतो. हे कमळ नव्हे, कुमुदिनीच्या कुळातील झाड आहे. कमळाची बहुतेक पाने पाण्याच्या वर उंच उठतात, तर कुमुदिनीची पाण्यावर टेकून राहतात. संग्रहात दोन्हींची तिकिटे असतील, तर हा भेद प्रथम पाहावा, कारण तिकिटांवरील मथळे याबाबतीत नेहमीच काटेकोर नसतात.

नावांचा घोळ सोपा आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८३७ मध्ये या झाडाला ‘व्हिक्टोरिया रेजिया’ असे व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ नाव दिले. परंतु ‘अमेझोनिका’ हे विशेषण त्याआधीच छापले गेले होते, म्हणून अग्रक्रमाच्या नियमाने पुढे तेच टिकले. पोस्टकार्डे छापणाऱ्यांनी जुने नाव मात्र दीर्घकाळ सोडले नाही. नावे वेगळी असली तरी तेवढ्यावरून झाडे वेगळी ठरत नाहीत.

रंगाचे उत्तर याहून रंजक आहे. हे फूल संध्याकाळी उमलते आणि पहिल्या रात्री पांढरे असते. त्या वेळी ते स्वतः उष्णता निर्माण करते व सुगंध सोडते, त्यामुळे भुंगेरे आत शिरतात. फूल मिटते आणि ते आतच अडकून पडतात. दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी होऊन पुन्हा उमलते आणि परागकणांनी माखलेले भुंगेरे बाहेर पडून पहिल्या रात्रीच्या दुसऱ्या एखाद्या पांढऱ्या फुलाकडे जातात. त्यानंतर फूल पाण्यात बुडते. म्हणजे आपले तिकीट दुसऱ्या संध्याकाळचे आणि कार्ड पहिल्या संध्याकाळचे असू शकते.

आईंच्या फोटोतील झाड नेमके कोणते, हे मात्र फुलावरून ठरवू नये. थंड हवेच्या उद्यानांत ‘व्हिक्टोरिया क्रुझियाना’ ही दुसरी जाती अधिक आढळते आणि तिच्या पानाची कड जास्त उंच असते. दोघींचा संकर अमेरिकेतील लाँगवुड गार्डन्समध्ये १९६१ साली करण्यात आला. ‘व्हिक्टोरिया बोलिव्हियाना’ ही तिसरी जाती तर २०२२ मध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली, आणि तिचे वाळवलेले नमुने लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात १७७ वर्षे दुसऱ्याच नावाखाली पडून होते. तेव्हा फोटोखाली जातीचे नाव न लिहिता केवळ ‘व्हिक्टोरिया’ लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल.

मूल खरे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे तेथील मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी नोव्हेंबर १८४९ मध्ये हे झाड फुलवले आणि आपल्या लहान मुलीला, ॲनीला, त्याच्या पानावर उभे केले. तेव्हापासून या दृश्याची जणू प्रथाच पडली. पानाखाली जाड शिरांचे जाळे असते, म्हणून ते भार पेलते. मात्र दोन शिरांमधला पापुद्रा नाजूक असल्याने वजन पसरावे म्हणून खाली फळी किंवा ताट ठेवतात. भिंगातून पाहिल्यास मुलाच्या पायाशी ते कदाचित दिसेल.

भिंगवाला:

वनस्पतीविषयीचे वरील विवेचन मान्य आहे, पण पोस्टकार्डावरील पांढऱ्या रंगावर इतका विश्वास टाकू नये, असे मला वाटते. जुन्या रंगीत कार्डांपैकी पुष्कळ कार्डांचे मूळ छायाचित्र कृष्णधवल असे आणि त्यावर छापखान्यात रंग चढवले जात. रंग भरणाऱ्याने ती बाग कधी पाहिलेली असेलच, असे नाही. त्यातच फोटो टिपण्याच्या जुन्या काचपट्ट्यांना निळा प्रकाश चटकन जाणवे आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे लाल गुलाब काळपट उमटे, निळे फूल पांढुरके दिसे, आणि फिकट गुलाबी पाकळीत निळा अंशही असल्याने तीसुद्धा जवळजवळ पांढरीच येई. दुसऱ्या संध्याकाळचे गुलाबी फूल कार्डावर शुभ्र होण्यास एवढे पुरे आहे. रंग बाह्यरेषेच्या बाहेर सांडलेला दिसला, तर तो नंतर चढवलेला आहे असे समजावे.

कार्डाची मागची बाजूही पाहावी. पत्ता व मजकूर यांसाठी मधोमध रेघ मारून दोन भाग केलेली पाठ ब्रिटनमध्ये १९०२ पासून, जर्मनीत १९०५ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून चालू झाली. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहिता येई, म्हणून निरोप चित्राच्या कडेने, कधी कधी थेट पाकळ्यांवरही लिहिलेला आढळतो. असे कार्ड खराब झालेले समजून बाजूला टाकू नये.

आईंच्या फोटोतील तपकिरी पानांचे कारण झाडात नसून कागदात आहे. रंगीत फोटोतील हिरवा रंग पिवळ्या आणि निळसर-हिरव्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो. त्या काळच्या कागदांवरील निळसर-हिरवे रंगद्रव्य अल्बमच्या अंधारातही झपाट्याने उडत असे, आणि मग साऱ्या बागेवर तांबूस छटा येई. उजेडात टांगलेल्या फोटोत याउलट किरमिजी रंग आधी फिका पडतो. स्कॅन केलेल्या प्रतीत रंग दुरुस्त करता येतात; मूळ फोटो मात्र आहे तसाच ठेवावा, आणि तो चिकट पानांच्या अल्बममध्ये असेल तर शक्य तितक्या लवकर, न ओढता, बाहेर काढावा.

जाता जाता एक गंमत सांगतो. १९०७ साली बाजारात आलेल्या ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम या रंगीत छायाचित्रणाच्या काचांवर रंग गाळण्याचे काम बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण करत असत. बागेचा फोटो वनस्पतीतूनच पाहण्याचा तो प्रकार होता.

पाणवठा:

दोघांचेही मनापासून आभार. भिंगातून पाहिले, मुलाच्या पायाखाली खरोखरच एक गोल ताट आहे. कार्डाच्या पाठीवर मधली रेघ नाही, आणि पांढरा रंग एका पाकळीबाहेर स्पष्ट सांडलेला आहे. आता मांडणीबद्दल कोणी सांगू शकेल का? ही तिन्ही चित्रे प्रदर्शनाच्या स्पर्धेत ठेवता येतील, असे मला एकाने सुचवले आहे.

टपालप्रेमी:

स्पर्धेचा विचार असेल, तर वर्ग आधी निवडावा लागेल. विषयवार तिकिटसंग्रहाच्या वर्गात खाजगी चित्रपोस्टकार्ड किंवा घरचा फोटो यांना स्थान नसते. टपालखात्याने तिकीट छापूनच काढलेले कार्ड तेवढे चालते. ‘मॅक्झिमम कार्ड’ या प्रकारात पोस्टकार्डाच्या चित्राच्या बाजूवर त्याच विषयाचे तिकीट लावून त्यावर शिक्का घेतात, आणि विषय, स्थळ व काळ या तिन्हींचा मेळ पाहतात. तिकिटाचीच पूर्ण प्रतिकृती असलेले कार्ड तेथे नाकारले जाते. आजोबांच्या जुन्या कार्डावर आज नवे तिकीट चिकटवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. आपल्या संग्रहाला खुला वर्ग योग्य वाटतो. तेथे निम्मे साहित्य टपालविषयक असले की उरलेल्या निम्म्यात कार्डे, फोटो आणि इतर वस्तू चालतात.

स्पर्धा नको असेल, तर मी बेलाशक झाडानुसार मांडणी करेन आणि तिकीट, कार्ड व फोटो एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवेन. आपला प्रश्नच मुळी ती तीन चित्रे शेजारी आल्यामुळे निर्माण झाला. वेगवेगळ्या अल्बममध्ये असती, तर रंगांतील विसंगती कोणाच्या लक्षातही आली नसती. कार्डाची पाठ दिसावी म्हणून तिची छोटी प्रत खाली लावावी. फक्त वाळवलेली पाकळी किंवा पान त्याच पानावर ठेवू नये, कारण त्यातील ओल आणि आम्ल यांचे डाग तिकिटावर उमटतात.

देठ:

फोटोखाली महिना आणि वेळ आईंना आठवत असेल तर तेही लिहावे. फूल त्या दिवशी पांढरे होते की गुलाबी, हे उडालेल्या रंगांवरून आता कळणार नाही, पण त्यांना ते आठवत असू शकेल.