फिल्म स्कूलचा पदव्युत्तर प्रवेश आणि मोठ्या शहरात नवं बिऱ्हाड: तयारी कशी करावी?

कोरी_चौकट

नमस्कार मंडळी. चित्रपट दिग्दर्शनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशी संस्थांत अर्ज करायचे आहेत. पदवी वेगळ्याच विषयातली आहे. हाताशी ११ मिनिटांचा एक लघुपट आहे (दिग्दर्शन आणि संकलन माझं, कॅमेरा मित्राचा) आणि एका लघुपटाची मराठीत लिहिलेली पटकथा. मुदतीला साधारण पाच महिने आहेत. लघुपट आहे तसा पाठवावा का? उद्देशपत्रात काय लिहावं? संस्था कशी निवडावी? आणि प्रवेश मिळालाच तर मोठ्या शहरात जाताना काय आधी करावं, काय नंतर? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

जे_कट

लघुपटापासून सुरुवात करतो, कारण अर्जात सगळ्यात जास्त वजन त्यालाच असतं.

११ मिनिटं जास्त आहेत. प्रत्येक संस्था नमुन्याची कमाल लांबी अर्जात देते, ती सेकंदापर्यंत पाळा. पण मर्यादा दहाची असली म्हणून दहा भरायलाच हवीत असं नाही. समितीतली माणसं एका बैठकीत ढीगभर नमुने बघतात. सुरुवातीची श्रेयनामावली, निर्मितीसंस्थेचं बोधचिन्ह, ड्रोनमधून दिसणारं गाव हे सगळं काढा. पहिल्या २० सेकंदांत एक माणूस आणि त्याला हवी असलेली एक गोष्ट दिसली पाहिजे.

कापायचं कसं? समजा, मुलगी जिना चढते, दाराशी थांबते, किल्ली शोधते, कुलूप उघडते, आत येते, दिवा लावते आणि खोली रिकामी आहे हे बघते. हे ४० सेकंद होतात, आणि त्यातला आशय फक्त शेवटच्या शॉटमध्ये आहे. कुलपाच्या खटक्याचा आवाज आधीच्या शॉटच्या शेपटीवर घ्या. मग अंधाऱ्या खोलीत दिवा लागतो, आणि मग तिचा चेहरा. नऊ सेकंदांत काम होतं, आणि रिकामी खोली प्रेक्षकाला तिच्याआधी क्षणभर दिसते. समितीला बघायचा असतो तो हाच निर्णय. असे नऊ-दहा प्रसंग सापडले की ११ मिनिटांची सहा होतात.

तुकडे जोडून, खाली जोरदार संगीत लावून शोरील पाठवू नका. कॅमेरामनसाठी शोरील ठीक आहे. दिग्दर्शकाचं त्यात काहीच दिसत नाही, कारण नटाला सांभाळणं आणि प्रसंग चढवत नेणं हे तीन सेकंदांच्या तुकड्यात कळत नाही.

कॅमेरा मित्राचा आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. "दिग्दर्शन व संकलन: मी" एवढं पुरतं. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेतल्याची शंका आली तरी मुलाखतीत ती भोवते.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि नमुने पडतात ते तिथेच. संवादांची शिखरं साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या पट्ट्यात ठेवा. दोन वाक्यांच्या मधल्या जागी आवाज एकदम शून्यावर जात असेल तर प्रत्येक कट कानाला टोचतो. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. ती रेकॉर्ड केली नसेल तर टेकच्या सुरुवातीला, 'अ‍ॅक्शन'च्या आधी, दोन-तीन सेकंद सापडतात. तेच वापरा.

फाइल १०८० पी, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची नेहमीची पद्धत), सेकंदाला १५ ते २० मेगाबिट, ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ. शूट २५ फ्रेमला असेल तर निर्यातही २५ लाच करा, उगाच २४ करू नका, पॅन शॉट (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला) झटके खातो. उपशीर्षकं चित्रावर पक्की छापा, वेगळी फाइल कुणी चालू करत बसत नाही. पासवर्ड घातलेली लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघा. निकाल लागेपर्यंत ती लिंक आणि पासवर्ड दोन्ही बदलायचे नाहीत.

पानभर_पटकथा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी लिखाणाबद्दल लिहिते.

पटकथेचा ठरलेला साचा म्हणजे १२ पॉइंट कुरिअर, आणि त्यावरून 'एक पान म्हणजे साधारण एक मिनिट' हा हिशेब. हा हिशेब त्या टंकाच्या ठरावीक रुंदीवर आणि समासांवर उभा आहे, त्यामुळे देवनागरीत तो लागू पडत नाही. मराठी पटकथा मोठ्याने वाचून, हालचालींसाठी थांबून, घड्याळ लावून मोजा. अर्ज इंग्रजीतून असेल तर भाषांतर लागेलच, आणि ते शेवटच्या आठवड्यात करायचं काम नव्हे. "अगं बाई, आलीस का!" याचं शब्दशः भाषांतर केलं तर त्या बाईचा स्वभावच निघून जातो. आधी ठरवा: ती सुटकेचा निःश्वास टाकतेय की टोमणा मारतेय? मग त्या भाषेत तशी बाई काय म्हणेल ते लिहा. हे एकदा केलं की मूळ मराठी संवादातले पोकळ शब्दही दिसायला लागतात.

उद्देशपत्र. "लहानपणापासून सिनेमाचं वेड आहे" हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं, आणि त्यातून अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. तुम्ही कशाकडे बघत राहता हे लिहा. माणूस, जागा, कृती, तिन्ही नेमकी हवीत. 'कौटुंबिक नात्यांमधली गुंतागुंत मांडायची आहे' याने काही उभं राहत नाही. 'वाटणीनंतर एकाच घरात दोन चुली मांडलेले भाऊ, आणि मधल्या दाराला बाहेरून लावलेली कडी' म्हटलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. त्यानंतर दोन परिच्छेदांत सांगा की या गोष्टी सांगायला तुम्हाला आज काय जमत नाही (नटांबरोबर काम, लांब टेक, प्रकाश, जे असेल ते) आणि या संस्थेतलं नेमकं काय ते शिकवेल. हा भाग प्रत्येक संस्थेसाठी वेगळा लिहावाच लागतो. संस्थेचं नाव बदलून तोच परिच्छेद चालत असेल तर तो पुन्हा लिहा.

तुमची पदवी वेगळ्या विषयातली आहे याबद्दल दिलगिरी नको. त्या विषयाने बघायला काय शिकवलं ते एका वाक्यात येऊ द्या.

शिफारसपत्रं बहुधा दोन किंवा तीन लागतात. सहा ते आठ आठवडे आधी विचारा, सोबत लघुपटाची लिंक, उद्देशपत्राचा मसुदा आणि मुदतीची तारीख द्या. तुम्हाला सेटवर किंवा संकलनाच्या टेबलावर काम करताना पाहिलेल्या माणसाचं पत्र हे नुसत्या ओळखीच्या मोठ्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी. विद्यापीठातून अधिकृत गुणपत्रकं काढायला मात्र आजच अर्ज टाका.

कोरी_चौकट

दोघांचेही मनापासून आभार. दोन चुलींचं उदाहरण वाचून मसुद्याचा पहिला परिच्छेद लगेच काढून टाकला. मुलाखत आणि संस्थेची निवड यावर कुणी लिहील का? शुल्काचे आकडे संकेतस्थळांवर मिळतात, पण त्यापलीकडचा खर्च कळत नाही.

कॉलशीट

'फिल्म स्कूल' हा शब्द एकच असला तरी आतली रचना फार वेगवेगळी असते. लॉस एंजेलिसच्या एएफआय (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट) कॉन्झर्व्हेटरीत अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि अर्ज करतानाच शाखा निवडायची: दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, निर्मिती, पटकथा किंवा प्रॉडक्शन डिझाइन. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमधला पदव्युत्तर चित्रपट अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तिथे विद्यार्थी एकमेकांच्या फिल्मवर आळीपाळीने वेगवेगळी कामं करतात. ब्रिटनमधलं नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल पुन्हा शाखानिहाय. काही देशांतल्या सरकारी संस्था आधी लेखी परीक्षा घेतात, मग कार्यशाळा आणि मुलाखत. दिग्दर्शनच करायचं हे पक्कं असेल तर पहिला, म्हणजे शाखानिहाय प्रकार. अजून हात चाचपडत असतील तर दुसरा, म्हणजे आळीपाळीने सगळी कामं करायला लावणारा. चुकीच्या रचनेत शिरलं की पैसा आणि वर्षं दोन्ही जातात, म्हणून क्रमवारीच्या याद्यांपेक्षा हे आधी बघा.

संस्थेला ई-मेलने सरळ विचारा, उत्तरं मिळतात:

पूर्ण अभ्यासक्रमात मी स्वतः किती फिल्म दिग्दर्शित करेन? प्रत्येकीला संस्था किती पैसे देते आणि उरलेले कुणी घालायचे? एका तुकडीत विद्यार्थी किती आणि कॅमेऱ्याचे संच किती? चित्रीकरणाचा विमा संस्थेचा आहे की माझा? फिल्मचा स्वामित्वहक्क कुणाकडे राहतो? पदविका-फिल्म (अभ्यासक्रमाच्या शेवटी करायची फिल्म) ठरल्या मुदतीत संपली नाही तर पुढच्या सत्राचं शुल्क भरावं लागतं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग. पदविका-फिल्म रखडते ती बहुतेक वेळा चित्रीकरणानंतरच्या कामात (पोस्ट-प्रॉडक्शन), म्हणजे ध्वनीमिश्रण आणि कलर करणाऱ्यांच्या तारखा मिळत नाहीत म्हणून. त्यामुळे अंदाजपत्रक करताना शुल्क आणि राहणं यांच्या जोडीला चार ओळी वेगळ्या ठेवा: युनिटचं जेवण आणि प्रवास, जागेचं भाडं व परवानगी, हार्ड डिस्क, महोत्सवांची प्रवेशिका-शुल्कं. जेवणाच्या ओळीत कधीही काटछाट करू नका. विनामोबदला राबणाऱ्या माणसांना बारा तासांत दोनदा गरम जेवण मिळालं नाही तर तिसऱ्या दिवशी निम्मं युनिट येत नाही.

शिष्यवृत्तीसाठी वेगळी मुदत असते आणि ती बऱ्याचदा प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते. विद्यार्थी व्हिसावर काम करायला तासांची मर्यादा असते, त्यामुळे 'तिथे जाऊन कमवू' हा आकडा अंदाजपत्रकात धरू नका.

मुलाखतीत हमखास येणारे प्रश्न: हा लघुपट आज पुन्हा केलात तर काय बदलाल? नटाने ऐनवेळी तुमचं म्हणणं नाकारलं तेव्हा काय केलंत? नुकतं बघितलेलं कोणतं काम आवडलं नाही, आणि का? पहिल्याचं उत्तर शॉटच्या पातळीवर द्या. "बजेट वाढवेन" हे उत्तर सगळ्यात कमजोर. "तिसऱ्या प्रसंगात मी दोघांना समोरासमोर बसवलं, त्यामुळे भांडण आधीच दिसलं, आता पाठमोरं बसवेन" असं काही हवं. कुणी टीका केली तर लगेच बचाव मांडू नका. पुढची दोन-तीन वर्षं रोज टीका ऐकून कामाला लागणारा माणूस त्यांना हवा असतो.

खोलीची_शांतता

सामानाबद्दल थोडं, कारण यात माणसं विमानतळावर अडकतात.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायच्या, टोकांना चिकटपट्टी लावून. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते: १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी आणि जास्तीत जास्त दोन. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १४.४ गुणिले ६.८ म्हणजे ९७.९२, म्हणजे चालते. छापील आकडा पुसट झालेली बॅटरी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते, ती घरीच ठेवा.

जुन्या कामाच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घरी किंवा क्लाउडवर. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवल्या तर त्या दोन प्रती नव्हेत. नवी डिस्क घेताना हिशेब असा: १०८० पी, २४ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (संकलनासाठी वापरला जाणारा मोठ्या फाइलींचा प्रकार) म्हणजे तासाला सुमारे ८० जीबी, तेच यूएचडीत (४के) सुमारे ३२० जीबी. १० मिनिटांच्या फिल्मला चार-पाच तासांचं चित्रण सहज होतं.

आणि विजेची फ्रिक्वेन्सी. ५० हर्ट्‌झच्या देशातून ६० हर्ट्‌झच्या देशात गेलात तर तुमची नेहमीची १/५० सेकंदाची शटर ट्यूबलाइटखाली आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे फिरवते. ६० हर्ट्‌झला २४ फ्रेमवर शटर १/६० ठेवा, म्हणजे शटरचा कोन १४४ अंश. उलट दिशेने जाणाऱ्यांनी २४ फ्रेमवर १७२.८ अंश, म्हणजे १/५०. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे पट्टे दिसत नाहीत, संकलनाला बसल्यावर दिसतात, आणि मग फारसं काही करता येत नाही. पहिल्या शूटच्या आधी त्याच दिव्याखाली एक मिनिट चित्रित करून मोठ्या पडद्यावर बघा.

कॅमेरा विकत घेऊन जाऊ नका. संस्थेचा मिळतो. घ्यायचंच असेल तर बरे हेडफोन आणि एक चांगला मायक्रोफोन घ्या, ते दहा वर्षं टिकतात.

रात्रीचं_शूट

घराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वर्षभराचा करार लांबून करू नका. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरती सोय (वसतिगृह, पाहुणा खोली, काहीही) आणि त्या काळात प्रत्यक्ष बघून खोली. वर्ग सुरू व्हायच्या किमान तीन आठवडे आधी पोहोचा, कारण वर्ग सुरू झाल्यावर घर शोधायला दिवसाचा वेळ मिळत नाही. न पाहिलेल्या जागेची अनामत पाठवायची नाही. घरमालक "सध्या शहराबाहेर आहे, किल्ली कुरिअर करतो" म्हणाला की तिथेच थांबा. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडले तर फसवणूक आहे.

फिल्मच्या विद्यार्थ्याने जागा बघताना नकाशावरचं अंतर बघू नये. रात्री एक वाजता उपकरणकक्षापासून घरी येऊन बघा, दोन पेट्या आणि एक ट्रायपॉड घेऊन येतोय अशा हिशेबाने. शेवटची गाडी किती वाजता? स्टेशनला लिफ्ट आहे का? इमारतीला आहे का? भाडं थोडं कमी पण रोज रात्री टॅक्सी, हे गणित महिनाभरात उलटतं. सोबत राहणारे शक्यतो याच क्षेत्रातले बघा. पहाटे चारला निघणारा माणूस इतरांना फार दिवस सहन होत नाही.

करारात मुदतीआधी बाहेर पडायचं कलम आणि पोटभाडेकरू ठेवायची मुभा आहे का ते वाचा. सुट्टीत दुसऱ्या गावी चित्रीकरणाला दोन महिने गेलात तर तेवढं भाडं वाचतं. ताबा घेताना प्रत्येक भिंत, नळ, खिडकी आणि मीटरचा आकडा सलग व्हिडिओत घ्या आणि त्याच दिवशी घरमालकाला ई-मेल करा. अनामत परत मिळते ती याच्या जोरावर.