कॉफीच्या दळणाचं एवढं स्तोम कशाला?

गाळीव:
घरात आम्ही दोघंच, सकाळी एकेक कप कॉफी, आणि भाचा मागे लागलाय की मामा बर ग्राइंडर (दोन चकत्यांमध्ये बी दळणारं यंत्र) घे नाहीतर तुझी कॉफी फुकट आहे. माटुंग्याला दुकानात जाऊन "फिल्टरसाठी" एवढंच म्हटलं की तो माणूस बिया मशीनमध्ये ओततो, ८० भाग कॉफीला २० भाग चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) घालतो आणि गरम पुडी हातात देतो, वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि कॉफी फक्कड होते. दळणाचा बाऊ एस्प्रेसोवाल्यांनी करावा, तिथे ९ बार, म्हणजे हवेच्या सुमारे नऊपट दाब आणि २५-३० सेकंदांत खेळ खलास, जरा इकडेतिकडे झालं तर पैसे वाया. बाकी आपला दोन मजली फिल्टर, गॅसवरचा मोका पॉट, जाळीच्या दांड्याने पूड खाली दाबायचा फ्रेंच प्रेस, सगळ्याला एकच मध्यम दळण आणा, वेळ कमीजास्त करा, झालं. मतं सांगा, मशीनच्या लिंका नकोत.

भरड_भाकर:
काका, मोका पॉटला वेळ कमीजास्त कशी करणार? खालचं पाणी तापलं की दाबाने पुडीतून वर चढतं, ते किती वेगात चढणार हे पूडच ठरवते, गॅस बारीक करून थोडाफार फरक पडेल तेवढाच. एस्प्रेसोची पूड भरा मोका पॉटमध्ये आणि बघा मजा, पाणी अडतं, रबराच्या कडेने फसफस गळायला लागतं, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो. आणि जाड पूड भरली तर भसकन पाणचट कॉफी वर. फ्रेंच प्रेसला वेळ आपल्या हातात असते हे कबूल, पण तुमची फिल्टरची पूड त्या जाळीतून सुटते, शेवटचे दोन घोट नुसता गाळ, शिवाय दांडा दाबताना जोर लावावा लागतो आणि गरम पाणी अंगावर यायची भीती. तिथे जाड रवाच हवा.

माटुंगा_रिटर्न:
मी गाळीवच्या बाजूने. इथले निम्मे लोक चिकोरी विसरूनच बोलतायत. चिकोरी पाणी पिऊन फुगते, तिचा पाण्यात उतरणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा अर्क) दाट आणि थेंबथेंब पडतं. वर अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर. एवढं सगळं घातल्यावर दळण उन्नीस-बीस झालं तर कोणाच्या जिभेला कळतंय? ते फ्लेवर नोट्स, चवीच्या बारीक छटा वगैरे काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी. आणि एरोप्रेस (हाताने दाबायची पिचकारीसारखी नळी) तर कुठलीही पूड खपवून घेतो, बारीक असेल तर लवकर दाबा, जाड असेल तर थांबा.

बंगळुरूची_सून:
दूध घातलं म्हणून कळत नाही? अहो चिकोरी आहे म्हणूनच दळण जास्त सांभाळावं लागतं! माझ्या सासरी रात्री फिल्टर लावून ठेवतात, एकदा दुकानदाराने पूड फार बारीक दिली आणि सकाळी बघतोय तर वरच्या भांड्यात पाणी जसंच्या तसं, खाली चमचाभर काळं. सासूबाई फिल्टरला चमच्याने टकटक करतायत, झाकण उघडून फुंकर मारतायत, शेवटी सासऱ्यांना चहा दिला, घरात सुतक. उलट जाड निघाली की डिकॉक्शन पाच मिनिटांत खाली, दुधात घातलं तर रंग सुद्धा धरत नाही. पुडीवर ठेवायची भोकाची चकती, म्हणजे छत्री, हलक्या हाताने टेकवायची की दाबायची हे पण पूड बघूनच ठरतं.

आणि "फिल्टरसाठी" म्हटलं की सगळीकडे सारखंच मिळतं असं अजिबात नाही. भाजणी हलकी असेल तर बी कडक राहते, अर्क लवकर सुटत नाही, ती जरा बारीक दळावी लागते. काळी भाजलेली भुसभुशीत, ती जरा जाड चालते. चिकमगळूरच्या इस्टेटची हलकी भाजलेली कॉफी नेहमीच्या सेटिंगवर दळून आणायची आणि मग आंबट लागते म्हणून शिव्या कोणाला, तर कॉफीला. आंबट आणि पोकळ लागली की पुढच्या वेळी बारीक, कडू होऊन जीभ तुरट पडली की जाड, बाकी चार्ट पाठ करायची गरज नाही.

तिसरी_घंटा:
मी मिक्सरमध्ये काढतो, चटणीच्या भांड्यात. कोणी मेलं नाही अजून.

भरड_भाकर:
@तिसरी_घंटा, मिक्सरचं पातं बी फोडतं, दळत नाही. अर्धी धूळ, अर्धे खडे. धूळ जास्त उतरून कडू होते, खडे कच्चे राहून आंबट, दोन्ही एकाच कपात. बर ग्राइंडरमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर ठरलेलं असतं म्हणून दाणा बराचसा एकसारखा येतो, भाच्याचा मुद्दा तोच आहे.

तिसरी_घंटा:
त्यावर तोड आहे की. सलग फिरवायचं नाही, थांबून थांबून झटके द्यायचे, मधे भांडं हलवायचं. मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं, खालची धूळ बाजूला ठेवून टर्किश कॉफीसारखी उकळायची, तिथे वस्त्रगाळच लागते, वरचं फ्रेंच प्रेसला नाहीतर कोल्ड ब्रूला, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवायला. खर्च शून्य.

गाळीव:
सकाळी सहाला चाळण घेऊन कोण बसणार! आणि चांगला ग्राइंडर हजारोंच्या घरात, त्यात आमची वर्षभराची कॉफी येईल. एक कप फिल्टर कॉफीसाठी एवढं नाही पटत मला, अजूनही नाही. मोका पॉट मात्र सुनेने आणलाय, तो पडून आहे, त्याला दुकानात काय सांगू तेवढं सांगा.

बंगळुरूची_सून:
बिनचिकोरी, एस्प्रेसोपेक्षा जरा जाड, फ्रेंच प्रेसपेक्षा पुष्कळ बारीक. पॉटमधल्या पुडीच्या डबीत सपाट भरायची, दाबायची नाही. आणि अर्धा किलो आणू नका, शंभर-शंभर ग्रॅम आणा, दळलेल्या कॉफीचा वास डब्यात सुद्धा उडतो.

माटुंगा_रिटर्न:
शंभर ग्रॅमसाठी दर आठवड्याला माटुंगा? लोकलचं भाडं कोण देणार?

भरड_भाकर:
म्हणूनच ग्राइंडर :)