घाट उतरून समुद्राकडे: तुमचे अनुभव इथं लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या लोकांना समुद्र तसा लांब नाही. आंबोली उतरलं की सावंतवाडी, अणशी उतरलं की कारवार. पण बहुतेक जण दुपारी पोचतात, पाण्यात डुंबतात, मासे जेवतात आणि परत फिरतात. मच्छीमारांची गावं बघायची राहून जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्यांनी बघितलीत त्यांनी सविस्तर लिहा. सुरुवात मी करते, पुढं खानापूर आणि निपाणीच्या मंडळींनी लिहिलंय.

बेळगाव: शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे काठावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, बघितली. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ मारून काठाला येते, मग दोन्हीकडच्या दोरांना माणसं लागतात आणि ओढत ओढत दोन्ही टोळ्या जवळ सरकतात. वेळ लागतो, घाई करू नका. एका आजोबांनी मला बजावलं, "दोराच्या मधी उभी ऱ्हव नको गो!" जाळं वर आलं तेव्हा पेडवे (छोटे तारली मासे) भरपूर, बांगडे मोजकेच. रापणीत पगार नसतो, मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. बोटीवरच्या प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर 2017 पासून बंदी असूनही ती चालते आणि काठाला मासाच येत नाही, हे सांगताना आजोबांचा आवाज चढला होता. मला ते पटलं. याच शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा मिठागरंही बघून या.

खानापूर: आम्ही रामनगर, जोयडा, कद्रा करत कारवारला जातो. माजाळीत वाळूवर जाळी पसरून सुंगटं (कोळंबी) वाळत घातलेली असतात. बायका कोकणी बोलतात, आपलं मराठी त्यांना सहज कळतं. एका मावशीनं सुका बांगडा कसा निवडायचा ते शिकवलं: हातात घेतल्यावर कडक लागला पाहिजे, पोटाकडं ओलसर नको. कारवारच्या दक्षिणेला नौदलाच्या तळासाठी मच्छीमारांची गावं उठवली गेली. त्यातल्या एका घरी जेवलो, तेव्हा जुन्या किनाऱ्याबद्दल ते तासभर बोलत होते.

निपाणी: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, त्या दिवसांत ताज्या मासळीच्या आशेनं जाऊ नका. नारळी पौर्णिमेला मालवण गाठा, बंदरावर नारळ सोडायला अख्खं गाव लोटतं. फोटो काढायच्या आधी मात्र विचारा. लोक नाही म्हणत नाहीत, पण विचारलं की नीट बोलतात.