विषय: मुलाला स्काऊटमध्ये घालावं का?

प्रेषक: एक आई, बॉथेल (सिएटलजवळ)

मंडळी, नमस्कार.

मुलगा यंदा सहावीत गेला. त्याच्या वर्गातले दोघे जण स्काऊटच्या ट्रूपमध्ये, म्हणजे तुकडीत, आहेत, आता यालाही जायचंय. दर महिन्याला कॅम्प, तोही नोव्हेंबरच्या पावसात, आणि पुढे म्हणे एक रात्र तंबूशिवाय काढायची! शनिवारी मराठी शाळा, रविवारी तबला, यात हे बसवायचं कुठे? सासूबाई म्हणतात, "घरदार असताना पोराला पाल्यापाचोळ्यात कशाला निजवायचं?" फोनमध्ये नकाशा आहे, घड्याळात जीपीएस आहे. मग याचा खरंच उपयोग होतो का? की मराठी मंडळाच्या जूनच्या सहलीत दोन तासांचं शिबिर ठेवलं तर भागेल?

---

प्रेषक: सहायक स्काऊटमास्टर, इसाक्वा

ताई, नमस्कार.

मी एका ट्रूपबरोबर काम करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी फोनचं. मिडल फोर्क स्नोक्वाल्मी नदीच्या खोऱ्यात गाडी शिरली की रेंज जाते, आणि ते सिएटलपासून तासाभराच्या अंतरावर आहे. थंडीत बॅटरीही लवकर उतरते. फोन जवळ असावाच, पण फोन बंद पडल्यावर पोरगं काय करणार, हा खरा प्रश्न आहे.

१९८१च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात, पालोमार डोंगरावर, नऊ वर्षांचा एक मुलगा भावांपासून चुकला. शोध लागेपर्यंत थंडीनं त्याचा जीव गेला होता. त्या शोधात असलेल्या माणसांनी नंतर मुलांसाठी एक साधा कार्यक्रम सुरू केला. हरवलास तर झाडाला धरून बस, भटकू नकोस, हाक आली की ओ दे. चालत राहणारं मूल शोधणं फार अवघड, कारण ज्या भागात बघून झालं तिथेच ते पुन्हा जाऊन पोचतं.

दुसरी गोष्ट २००५च्या जूनमधली, युटातल्या युइंटा डोंगरातली. अकरा वर्षांचा मुलगा चार दिवसांनी जिवंत सापडला. मधल्या काळात शोधणारी माणसं जवळून गेली होती, पण तो वाट सोडून लपला. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे घरी शिकवलेलं त्यानं तंतोतंत पाळलं होतं. आपणही मुलांना हेच शिकवतो ना? पण "तू हरवलास आणि कोणी तुझं नाव घेऊन हाका मारत असेल, तर ते तुला न्यायलाच आलेत" हे किती घरांत सांगितलं जातं? तो मुलगा स्काऊटच्या कॅम्पवरूनच हरवला होता, हेही सांगायला हवं. नुसतं कॅम्पला नेऊन मूल तयार होत नाही. ते पुन्हापुन्हा करून अंगवळणी पडावं लागतं.

म्हणूनच दोन तासांच्या शिबिरावर माझा भरवसा नाही. थांब, विचार कर, आजूबाजूला बघ, मग काय करायचं ते ठरव, एवढं पाठ व्हायला दहा मिनिटं पुरतात. पण अंधार पडतोय, मोजे ओले झालेत, पोटात कावळे ओरडतायत, अशा वेळी ते आठवणं ही वेगळी गोष्ट आहे. भीती नेमकी तेव्हाच पाय चालवते. भर पावसात, पण मोठी माणसं हाकेच्या अंतरावर असताना, मुलानं ती अवस्था अनुभवलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

तंबूशिवायची रात्र ही वाइल्डरनेस सर्व्हायव्हल, म्हणजे रानात तग धरण्याच्या, बॅजची अट आहे, नवीन मुलाला पहिल्याच महिन्यात कोणी तिथे पाठवत नाही. त्याच बॅजमध्ये काडेपेटी न वापरता तीन वेगवेगळ्या पद्धतींनी आग पेटवायची असते. आरशानं इशारा करायचा, पाणी पिण्याजोगं करायचं, हेही असतं. निवारा बांधताना मुलं सगळी मेहनत छपरावर घेतात. मग आत आडवी होतात, आणि पाठीला गारवा झोंबला की उठून बसतात. ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. तेव्हा कुठे खाली अंथरायला पाला आणायची धावपळ सुरू होते, आणि सगळं दाबून बसलं की आणखी एकदा. आम्ही मध्ये बोलत नाही. पडलेल्या फांद्या आणि वाळका पालाच घ्यायचा, जिवंत झाडाला हात लावायचा नाही, एवढं मात्र आधीच बजावतो.

आग पेटवणं आपल्याकडच्या ओल्या लाकडांत कठीणच जातं. ओंडका फोडला की आतलं लाकूड बरेचदा कोरडं निघतं. चाकूनं त्याचे पातळ सोललेले पापुद्रे काडीलाच लटकत ठेवायचे, म्हणजे ठिणगी धरते. चाकू हातात येण्याआधी त्याचे नियम शिकून कार्ड मिळवावं लागतं. मिटलेला चाकू धरून हात पूर्ण लांब करायचा, स्वतःभोवती फिरवायचा, त्या घेऱ्यात कोणी येत नाही ना ते बघायचं, मगच पातं उघडायचं. बेशिस्त दिसली तर कार्डाचा कोपरा कापतात. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात खरा चाकू आणि खरी जबाबदारी एकदम येते, आणि ती तो ज्या गंभीरपणे पेलतो, ते एकदा येऊन बघाच.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पॅट्रोलचं, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या गटाचं, काम. सहा-आठ मुलांचा गट, म्होरक्या त्यांच्यातलाच. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या कॅम्पलाही स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे असे चार गट केले होते. काय शिजवायचं, किराणा किती, तंबू कुठे, सगळं मुलं ठरवतात. खिचडी खाली लागली तर तीच खातात. (शाकाहाराची अडचण नाही, आमच्या ट्रूपमध्ये बरीच मुलं शाकाहारी आहेत.) आपल्या घरांत मुलांचं वेळापत्रक, डबा, पाण्याची बाटली, सगळं आपण बघतो. प्रेमापोटीच बघतो. पण चुकलं तर आपलं आपण निस्तरायचं, ही संधी त्यांना मग मिळते कुठे?

---

प्रेषक: एक आजोबा, कर्कलंड

दादांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. आमच्या शाळेत स्काऊट म्हणजे गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी आणि "खरी कमाई". घरोघर जाऊन पडेल ते काम करायचं आणि मिळालेले पैसे शाळेत जमा करायचे. रानाची ओळख झाली ती पुढे, सह्याद्रीत ट्रेक करताना. तिथे माणसं चुकतात ती बहुधा ढोरवाटांमुळे. मळलेली वाट दिसते, धुक्यात तिच्यामागे जावं, तर ती झाडीत नाहीतर कड्यापाशी संपते. इथेही हरणांच्या वाटा तशाच फसवतात. वाट मळलेली आहे म्हणजे ती माणसांची आहे असं नव्हे, हे नातवंडांना जरूर सांगा.

एक विचारायचं होतं. नात बारा वर्षांची आहे. तिला घेतात का?

---

प्रेषक: सहायक स्काऊटमास्टर, इसाक्वा

काका, अवश्य घेतात. २०१९च्या फेब्रुवारीपासून मुलींचे ट्रूप आहेत, आणि २०२५मध्ये इथल्या स्काऊट संस्थेचं नावही बदलून "स्काउटिंग अमेरिका" झालं. बॅज तेच, अटी त्याच.

---

प्रेषक: एक आई, बॉथेल

दादा, पटतंय. पण स्पष्टच विचारते. या संस्थेत मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दल वाचलंय. त्याचं काय?

---

प्रेषक: सहायक स्काऊटमास्टर, इसाक्वा

ताई, हा प्रश्न प्रत्येक पालकानं विचारायला हवा, त्यात संकोच नको.

झालं ते भयंकर होतं. २०२०मध्ये संस्थेनं दिवाळखोरी जाहीर केली. लहानपणी अत्याचार झाल्याचे दावे ८२ हजारांहून अधिक लोकांनी दाखल केले. त्यातले बरेचसे कित्येक दशकांपूर्वीचे. ज्यांच्या बालपणाचं असं झालं त्यांच्यासमोर "आता सगळं ठीक आहे" असं म्हणायचा मला अधिकार नाही. आजचे नियम तेवढे सांगतो. कुठल्याही उपक्रमाला २१ वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हवेतच. एकटा प्रौढ आणि एकटं मूल कधीही एकत्र नाही, मेसेजवरसुद्धा नाही. मुलींच्या उपक्रमात एक नोंदणीकृत स्त्री हवीच. प्रौढांची पार्श्वभूमी तपासतात आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे.

पण कागदावरच्या नियमांवर विसंबू नका. ते प्रशिक्षण ऑनलाइन आहे, तुम्ही दोघंही घ्या. साप्ताहिक बैठकीला न सांगता जाऊन बसा, पालकांना तिथे कधीही मज्जाव नसतो. नोंदणी करून एखाद्या कॅम्पला स्वतः चला. आणि मुलाला घरी सांगून ठेवा, की तिथलं काहीही आईबाबांपासून लपवायचं नसतं, मग लपवायला सांगणारा कितीही मोठा असो.

जो ट्रूप पाहाल तिथे विचारा: कॅम्पला कोण येणार, गाडीत कोणाबरोबर कोण, तंबूत कोण. हे विचारल्यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या, तर तो ट्रूप सोडा. या भागात दुसरे पुष्कळ आहेत.