मदत हवी आहे: केळ्याच्या वासाचा नमुना कुठे तपासून मिळेल?

आम्ही दादरला राहतो, मुलगी बारावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकलला तिने आयसोअमाइल अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, सोबत थोडं सल्फ्युरिक अ‍ॅसिड तापवून आयसोअमाइल अ‍ॅसिटेट बनवलं. घरी आली तर एप्रनला पिकलेल्या वेलची केळ्यांचा घमघमाट! खऱ्या केळ्यातही हेच असतं, गोळ्यांच्या इसेन्समध्ये आणि लॅकरच्या सॉल्व्हंटमध्येसुद्धा.

आता प्रोजेक्टसाठी तिला वसईची राजेळी आणि वेलची, दोन्हींत याचं प्रमाण किती ते बघायचंय. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) लागते. मुंबईत विद्यार्थ्यांचे दोन-तीन नमुने माफक दरात तपासून देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? तुलनेसाठी याची छोटी बाटली प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल, की लिटरभरच घ्यावं लागेल?

घरी ऊर्ध्वपातन मी करू देणार नाही, हे चटकन पेट घेतं. शिवाय बाल्कनीबाहेर आग्या मोहोळ आहे. मधमाशी डंख मारताना हाच पदार्थ सोडून बाकीच्यांना चेतवते, म्हणून तो एप्रनही घरातच वाळत घातलाय.

केळ्याचा गर फ्रीजरमध्ये ठेवला तर वास किती टिकतो, हेही कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.